कामगाराचे समाधान : विचारणारा कोण?

मनुष्य आपल्या जागेपणीचा मोठा भाग ज्या कामात घालवितो त्या कामात तो समाधानी आहे किंवा नाही, हा प्रश्न तसा जुनाच. परंतु तो ठराविक शब्दांत शेकडो माणसांना विचारावा आणि आलेल्या उत्तरांची बेरीज मांडावी, ही कल्पना मात्र अलीकडची आहे. अमेरिकेत रॉबर्ट हॉपॉक यांनी पेनसिल्व्हेनियातील न्यू होप या लहानशा गावच्या मिळवत्या स्त्री-पुरुषांना असे प्रश्न विचारले, १९३५ साली ‘जॉब सॅटिस्फॅक्शन’ या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून प्रश्नावल्यांचा जो ओघ सुरू झाला तो आज आपल्याकडच्या कचेऱ्यांपर्यंत आणि कारखान्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. वर्षाकाठी एकदा असा कागद, किंवा हल्लीच्या रिवाजाप्रमाणे मोबाइलवर आलेला मजकूर, कर्मचाऱ्यापुढे येतो; तो खुणा करतो; त्यांची सरासरी निघते; आणि ती सरासरी वरिष्ठांच्या बैठकीत वाचून दाखविली जाते. या खटाटोपातून कामगाराच्या मनाचा ठाव खरोखर लागतो काय, आणि लागत असल्यास त्याचा लाभ कामगारास मिळतो काय, हे दोन प्रश्न मला जिव्हाळ्याचे वाटतात.

त्यांविषयी ठाम मते असलेली दोन माणसे माझ्या परिचयाची आहेत. एक बाई महाविद्यालयात औद्योगिक मानसशास्त्र शिकवितात. दुसरे अण्णा : परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात विणकर म्हणून उमेदीची वर्षे घालविलेले, कामगारांचे प्रतिनिधी म्हणून व्यवस्थापनापुढे अनेकांची गाऱ्हाणी मांडलेले, आणि गिरणी बंद पडल्यावरही वाचनालयाची वाट न सोडलेले. बाईंचे वडील अण्णांच्याच खात्यात होते व बाईंचे बालपण अण्णांच्याच चाळीत गेले. त्यामुळे दोघांच्या बोलण्यातील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ मी जसेच्या तसे ठेवले आहे.

बाई : अण्णा, कामगाराचे मन आकड्यात मावत नाही असे तुम्ही नेहमी म्हणता, आणि ते मला मान्यही आहे, परंतु आकडा नसला म्हणजे काय होते तेही पाहा. मालक म्हणतो, आमची माणसे खूश आहेत. पुढारी म्हणतो, कामगारांत असंतोष खदखदतो आहे. आणि दोघांपैकी एकालाही आपले म्हणणे सिद्ध करावे लागत नाही. मी माणसाच्या मनात शिरल्याचा दावा करीत नाही. एकच प्रश्न, एकाच शब्दांत, प्रत्येकाला विचारावा आणि उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत, एवढेच माझे शास्त्र. स्मिथ, केंडल आणि ह्यूलिन या तिघांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली घ्या. ‘तुम्ही सुखी आहात का’ असा मोघम प्रश्न ती करीतच नाही. प्रत्यक्ष काम, पगार, बढतीची संधी, वरिष्ठांची देखरेख आणि सोबतची माणसे असे नोकरीचे पाच भाग पाडून प्रत्येक भागाखाली ती ‘कंटाळवाणे’, ‘समाधान देणारे’ असे लहान-लहान शब्द ठेवते. शब्द लागू पडत असेल तर ‘हो’, नसेल तर ‘नाही’, आणि सांगता येत नसेल तर प्रश्नचिन्ह. असे एकंदर ७२ शब्द आहेत. त्यामुळे सोबत्यांवर जीव असलेला, पण पगारावर नाराज असलेला माणूस एका गोळाबेरजेखाली झाकला जात नाही.

अण्णा : त्या प्रश्नचिन्हाला गुण किती देता?

बाई : नेमके विचारलेत. अनुकूल उत्तराला ३, प्रतिकूल उत्तराला ०. तेव्हा प्रश्नचिन्हाला दीड द्यावा असे कोणासही वाटेल. पण त्याला १ च गुण दिला जातो, कारण उत्तरे तपासून पाहता प्रश्नचिन्ह करणारी माणसे समाधानी माणसांपेक्षा असमाधानी माणसांना अधिक जवळची आहेत, असे आढळून आले.

अण्णा : हे ज्यांनी शोधले त्यांनी कामगार जवळून पाहिला होता म्हणायचा. गप्प बसणारा माणूस राजी असतो, असे फक्त वरच्यांना वाटते. पण पोरी, प्रश्नचिन्हवाला तुम्ही ओळखलात. ‘हो’ म्हणणाऱ्याचे काय? आमच्या खात्यात एकदा असाच कागद आला होता. साचेखाते कसे असते ते तुला सांगायला नको, तुझ्या वडिलांचे कान तिथेच गेले. शेकडो साचे एकदम चालू, धोट्यांचा आवाज असा की शेजारचा काय म्हणतो ते ओठांवरून ओळखायचे. सूत तुटू नये म्हणून हवेत ओल धरलेली, त्यामुळे पाळी सुरू होते न होते तोच सदरा अंगाला चिकटलेला. त्या गोंगाटात विचारणार कसे, म्हणून कागदवाल्या तरुणाने टेबल मांडले ते खात्याच्या दारात, जिथे खात्याचा मुकादम, म्हणजे जॉबर, उभा राहतो तिथे. त्याचा हेतू वाईट नव्हता. आवाज कमी येतो अशी तीच जागा होती. पहिला पुढे आला तो बदलीवाला. बदलीवाल्याचे जिणे म्हणजे रोज पाळीच्या आधी पास घेऊन दारात हजर व्हायचे. कोणाचा खाडा पडला तर काम, नाही तर परत खोलीवर. त्याला विचारले, ‘वरिष्ठांच्या वागणुकीबद्दल तुमचे काय मत?’ त्याने कागदाकडे पाहिले नाही. त्याने जॉबरकडे पाहिले आणि म्हणाला, ‘पूर्ण समाधानी.’ त्या दिवशी सगळ्या खात्यात सर्वांत समाधानी निघाले ते बदलीवाले. ज्यांना उद्याच्या कामाची शाश्वती नव्हती, ते.

बाई : ती त्या तरुणाची चूक होती; मोजपट्टीची नव्हे. नाव न लिहिता, वरिष्ठांच्या नजरेआड, बंद पेटीत उत्तर टाकण्याची मुभा असती तर बदलीवाला तसे बोलला नसता.

अण्णा : कदाचित तरीही तसेच बोलला असता. त्याच्या गावाकडे पाऊस नव्हता, घरी चार तोंडे खाणारी होती, आणि महिन्यातून पंधरा दिवस जरी काम लागले तरी तो स्वतःला नशीबवान समजत होता. त्याने जॉबरची भीती बाळगून उत्तर दिले की मनापासून दिले, हे तुझी बंद पेटी कसे सांगणार?

(इथे बाई काही क्षण बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या स्वतःच्याच बाजूला अडचणीचे होते. आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावा आपण होऊन पुढे ठेवण्याची ही वृत्ती मला कोणत्याही सिद्धांताहून मोलाची वाटते.)

बाई : तुमची शंका रास्त आहे, आणि तिला आधारही आहे. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, म्हणजे १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेने लोकांच्या आरोग्याची पाहणी केली. तीत विधुरांपैकी ४८.५ टक्के पुरुषांनी आपली प्रकृती बिघडलेली किंवा यथातथा असल्याचे सांगितले. विधवांपैकी असे सांगणाऱ्या निघाल्या अवघ्या २.५ टक्के. त्या काळच्या विधवेला विधुराहून अधिक अन्न आणि औषध मिळत होते असे कोणी म्हणणार नाही. तिने स्वतःसाठी काही अपेक्षिणेच सोडून दिले होते. अमर्त्य सेन यांनी ही आकडेवारी पुढे जगाच्या नजरेस आणली. नोकरीतही हेच घडते. ब्रिटनमधील कामगारांच्या उत्तरांचा अभ्यास करून अँड्र्यू क्लार्क यांनी १९९७ साली दाखविले की, पुरुषांपेक्षा हलक्या प्रतीच्या नोकऱ्या करणाऱ्या स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक समाधान नोंदवितात. मात्र तरुण, उच्चशिक्षित स्त्रियांत हा फरक उरत नाही. शिक्षणाने त्यांची नोकरी वाईट केली नाही. आपल्याला काय मिळावयास हवे, याची जाणीव त्यांना दिली.

अण्णा : म्हणजे ज्याची दैना अधिक त्याचा आकडा चांगला! मग असल्या आकड्यावर विसंबून कोणाचे भले होणार?

बाई : नुसत्या एका आकड्यावर मीही विसंबत नाही. दोन निरनिराळ्या खात्यांची तुलना फसवी असू शकते. पण त्याच खात्यातील त्याच माणसांना वर्षाने पुन्हा विचारले, आणि मधल्या काळात नवा साहेब आला किंवा पाळ्यांची वेळ बदलली असे घडले असेल, तर आकडा का हलला याचा अंदाज करता येतो. शिवाय शब्दांच्या जोडीला मी कृती तपासते. कामावर वारंवार खाडे पडणे, नोकरी सोडून जाणे, बदली मागणे ही सारी असमाधानाची चिन्हे आहेत, आणि ती हजेरीपटावर नोंदलेली असतात.

अण्णा : हजेरीपटाचे माझ्याकडून ऐक. आमच्या गिरणीत दर उन्हाळ्यात खाड्यांचा आकडा वर जायचा, आणि गणपतीला पुन्हा. साहेब म्हणायचे, कामगारांना कामाची आस्था नाही. आस्था नव्हती असे नव्हे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा माणूस लग्नसराईला, पेरणीला आणि गणपतीला गावी जाणारच. त्याचे अर्धे घर तिथे होते. उलट ज्याला काम नकोसे झाले होते तो मात्र एकही खाडा करीत नव्हता, कारण त्याच्या डोक्यावर पतपेढीचे कर्ज होते. नोकरी सोडण्याचेही तसेच. बाहेर दुसरी नोकरी असेल तर माणूस सोडून जातो. नसेल तर दात-ओठ खात तिथेच राहतो. तेव्हा तुझा हजेरीपट कामगाराचे मन सांगत नाही. त्याचे गाव, त्याचे कर्ज आणि बाजारातली बेकारी सांगतो.

बाई : म्हणूनच तर विचारावे लागते! हजेरीपटावर एकच फुली दिसते. ती गणपतीची की कंटाळ्याची, हे त्या माणसावाचून दुसरा कोणी सांगू शकत नाही. तुम्ही माझी कृतीची बाजू खोडून काढलीत, आणि तसे करताना माझी प्रश्नाची बाजू बळकट केलीत.

अण्णा : बरे, विचारा. पण विचारून झाल्यावर पुढे काय? त्या शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याचे नाव तुमचे लोक फार आदराने घेतात. तिथे विचारलेल्या माणसांचे पुढे काय झाले, ते सांग.

बाई : वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या त्या कारखान्यात १९२४ पासून १९३२-३३ पर्यंत प्रयोग चालले. एका भागात एकवीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती झाल्या. आरंभी मुलाखत घेणारे छापील प्रश्न घेऊन बसत. पण कामगारांना भलतेच काही सांगावयाचे असे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला ते विषयांतर वाटे. अखेर प्रश्नांचा कागद बाजूला ठेवून ज्याला जे बोलावयाचे ते बोलू द्यावे, असे ठरले. तेव्हा अर्ध्या तासाची मुलाखत सुमारे दीड तासापर्यंत लांबली. कामगाराचे ऐकून घेणे हेच शास्त्राचे एक साधन आहे, हा धडा तिथून मिळाला.

अण्णा : आणि त्या वेगळ्या खोलीतल्या मुली?

बाई : टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या मुलींची एक लहान तुकडी १९२७ साली निराळ्या खोलीत बसविली. विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास यांत एकेक फेरफार करून उत्पादनावर काय परिणाम होतो हे पाहिले जात होते. त्यांना मोकळेपणाने बोलू दिले जाई, आणि उत्पादन वाढत गेले. ही हकीगत सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. पाठ्यपुस्तकांत सहसा नसलेली हकीगत अशी की, १९२८ च्या जानेवारीत पाचांपैकी दोघींना फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत म्हणून खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या.

अण्णा : हेच मी म्हणतो. समाधान मोजण्याच्या खोलीतून असमाधानी माणसे उठवली की, उरलेल्यांचे समाधान चांगलेच निघणार. तुमच्या शास्त्रात खोट आहे असे मी म्हणत नाही. खोली कोणाची, हे तुमचे शास्त्र विचारीत नाही. आमच्या लोखंड्यांना कोणी विचारायला आले नव्हते. वृत्तपत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि कामगारांनी आपण होऊन अर्ज करून सांगितले : आठवड्याला रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम घ्या, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या, आणि कामावर अपघात झाला तर भरपाई द्या. यात कुठे मोजपट्टी होती? गाऱ्हाणे होते आणि ते मांडण्याची हिंमत होती.

बाई : अण्णा, त्या अर्जावर सह्या किती होत्या?

अण्णा : साडेपाच हजार.

बाई : मग मोजपट्टी होतीच. एकट्या लोखंड्यांनी तोच मजकूर फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला असता तर एका संपादकाचे मत म्हणून तो दप्तरात पडला असता. साडेपाच हजार माणसे एकच गोष्ट म्हणतात, हे मोजून दाखविता आले म्हणून तो अर्ज दुर्लक्षिता आला नाही. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, तिच्यामागे त्या संख्येचेही बळ होते. संख्या मालकाचीच असते असे का धरून चालता?

अण्णांनी या प्रश्नाला लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी एकदम १९८२ सालची गोष्ट काढली, आणि विषयांतर होते आहे असे मला क्षणभर वाटले. पण ते विषयांतर नव्हते.

अण्णा : १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरण्यांत एकच प्रातिनिधिक युनियन होती, आणि ती प्रातिनिधिक का, तर सभासदांच्या नोंदवहीवरून. वही सांगत होती, कामगारांचा विश्वास या युनियनवर आहे. सरकार तेच मानत होते, मालक तेच मानत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या युनियनबाहेरचे पुढारी दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले. वहीतला आकडा आणि रस्त्यावरची माणसे यांचा काही मेळ नव्हता. त्या आकड्याने किती संसार धुळीला मिळाले ते मी पाहिले आहे. म्हणून आकड्याचे नाव काढले की माझ्या अंगावर काटा येतो.

बाई : आणि तुम्ही लोक तेव्हा काय मागत होतात?

अण्णा : गुप्त मतदान. कोणती युनियन हवी ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठ्या सर्वांसमक्ष मोजाव्यात.

बाई : म्हणजे मोजमापच.

अण्णा : हो, मोजमापच. पण चिठ्ठी आमच्या हातातली, पेटी सर्वांच्या डोळ्यांसमोरची, आणि निकाल बंधनकारक. अशी मोजणी करणार असशील, तर पहिली चिठ्ठी माझी.

संवाद इथे संपला नाही. पिट्सबर्गच्या इंजिनियरांना आणि हिशेबनिसांना विचारून फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली जो सिद्धांत मांडला, की असमाधान दूर करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि समाधान देणाऱ्या वेगळ्या, त्यावर दोघे आणखी पुष्कळ बोलले, आणि विणकरांना विचारून हर्झबर्ग यांना तेच उत्तर मिळाले असते काय, यावर त्यांचे एकमत झाले नाही. परंतु मुद्द्याचे होते ते वर आले आहे, आणि आता माझे मत सांगणे मला कर्तव्य वाटते.

मला बाईंचे म्हणणे पटते, परंतु अण्णांच्या अटीवर. कामगाराच्या समाधानाचे मापन करता येते आणि ते केलेच पाहिजे, कारण मोजल्यावाचून राहिलेले दुःख कोणाच्याही अंदाजपत्रकात येत नाही. पण उत्तर देणारा माणूस काही एकांतात आपले मन उघडे करीत नसतो. ज्याच्या हाती आपली भाकरी आहे त्याला तो काही सांगत असतो किंवा सांगण्याचे टाळत असतो, आणि ‘समाधानी आहे’ या उत्तराचा खरा अर्थ ‘असमाधानी आहे’ असे म्हटल्यास पुढे काय झाले असते, यावर अवलंबून असतो. ज्या आस्थापनेत तक्रारीला दाद मिळते तेथे समाधानाचा आकडा विश्वसनीय. जेथे मिळत नाही तेथे तो कितीही वर असला तरी त्याला किंमत देऊ नये. म्हणून प्रश्नावली ही तक्रार निवारणाच्या व्यवस्थेची पुरवणी असावी, तिच्या ऐवजी केलेली सोय नसावी. २०१० साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन २० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत तक्रार निवारण समिती आवश्यक ठरविण्यात आली, आणि तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत असे ठरले. वार्षिक पाहणीचे प्रश्न ठरविण्याचे आणि उत्तरे मोजण्याचे काम अशाच समितीकडे सोपवावे, खातेवार निकाल सूचनाफलकावर लावावा, आणि व्यवस्थापनाने ठरीव मुदतीत त्याचा लेखी खुलासा करावा, यात अशक्य असे काहीच नाही.

एक गोष्ट मात्र या दोघांच्याही बोलण्यात पुरेशी आली नाही, आणि मला ती सर्वांहून निकडीची वाटते. अण्णांच्या काळचा बदलीवाला निदान टेबलापर्यंत येत होता. आज त्याच्या जागी कंत्राटी माणूस आला आहे : दरवाज्यावरचा पहारेकरी, स्वच्छता करणारी बाई, गोदामात माल चढविणारा हमाल, कारखान्यात कायम कामगाराच्या शेजारी तेच यंत्र चालविणारा तरुण. तो कंपनीच्या पटावर नसल्यामुळे समाधानाच्या पाहणीत त्याला प्रश्नच विचारला जात नाही, आणि कंपनीचा आकडा त्याला वगळून निघतो. ज्यांच्या हाती अशा प्रश्नावल्या तयार करण्याचे काम आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पुढच्या पाहणीच्या यादीत या माणसांची नावे सर्वांत आधी घालावीत, आणि त्यांना काय विचारावयाचे ते त्यांच्या सोबत बसून ठरवावे.